खुब्याची दुर्बीण आणि ‘लागलं तर’

भाच्याच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री साडेनऊच्या सुमारास सिस्टर संमतिपत्र घेऊन आल्या. पुण्यातलं रुग्णालय, दोन पानं इंग्रजी मजकूर, खाली सह्यांसाठी तीन रेघा. वरच्या रकान्यात पेनने ‘हिप आर्थ्रोस्कोपी, उजवी बाजू’, म्हणजे उजव्या खुब्याची दुर्बीण, एवढंच लिहिलेलं. त्याखाली छापील ओळ होती. मराठीत तिचा अर्थ असा: वरील शस्त्रक्रिया, तसेच त्या वेळी आवश्यक वाटतील त्या इतर सर्व शस्त्रक्रिया करण्यास माझी संमती आहे. मी वाचून दाखवल्यावर ताईने विचारलं, “इतर सर्व म्हणजे काय रे? वाटी बदलणार का याची?” मला उत्तर देता येईना. सिस्टरांनी सांगितलं, “तसं नाही, लागलं तर करतात थोडंफार.” भाचा चोवीस वर्षांचा, आमच्या पळसदेवच्या कबड्डी संघातून चढाई करणारा. जांघेतल्या कळेपायी दीड वर्ष मैदानाबाहेर बसून कंटाळलेला. “मामा, करू दे सही. सकाळी सातला नेणारेत,” म्हणाला आणि त्याने सही केली.

ऑपरेशन चांगलं झालं. पण ताईचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. पुढचे कित्येक महिने मी वाचत राहिलो, ओळखीच्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना विचारत राहिलो. ‘लागलं तर’ या दोन शब्दांत काय काय बसतं, ते लागतं कधी आणि ते कुणी, केव्हा ठरवायचं, याचा हा आढावा.

खुबा म्हणजे वाटी आणि गोळा. कमरेच्या हाडात खोल वाटी, मांडीच्या हाडाच्या टोकाला गोळा आणि गोळ्याखाली मान. वाटीच्या काठाला रबरी वॉशरसारखी एक कड असते, तिला लेब्रम म्हणतात. पाणबुडी मोटारीचं सील गेलं की काय होतं ते आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. लेब्रमचं कामही तेच: वंगण आत धरून ठेवायचं आणि गोळ्याला वाटीत घट्ट बसवायचं. या सगळ्याला वेढणारी जाड पिशवी म्हणजे कॅप्सूल. तिच्या पुढच्या बाजूचा इलिओफेमोरल बंध हा शरीरातला सर्वांत बळकट बंध मानतात. त्याच्यावरून सोआस स्नायूची दोरी जाते, ती पाय पोटाकडे उचलते. दुर्बिणीतून जे काही करायचं ते बहुतेक या पाच-सहा वस्तूंवर.

या सांध्यात दुर्बीण उशिरा पोचली. न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी १९३१ मध्ये मृतदेहांच्या सांध्यांत दुर्बीण घालून पाहिली, तेव्हा गोळा आणि वाटी यांच्यामध्ये सुई जाणं अशक्यच असल्याचं त्यांनी लिहून ठेवलं. जपानच्या केन्जी ताकागी यांनी १९३९ मध्ये प्रत्यक्ष रुग्णांच्या खुब्यांत ती घातल्याची नोंद केली. पुढे गुडघ्याची दुर्बीण तालुक्याच्या गावापर्यंत आली, खुब्याची मात्र मागे राहिली. सांधा खोल आणि घट्ट, त्यामुळे पाय बुटात बांधून ओढावा लागतो, तेव्हा कुठे सांध्यात सेंटिमीटरभर फट पडते. कलाटणी मिळाली ती २००३ मध्ये. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या राइनहोल्ड गान्झ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं, की तरुणपणी खुबा झिजतो त्याचं मूळ पुष्कळदा हाडाच्या घडणीत असतं. गोळा आणि मान यांच्या जोडावर हाडाचा उंचवटा असला, त्याला कॅम म्हणतात, किंवा वाटीचा काठ फार पुढे आलेला असला, त्याला पिन्सर म्हणतात, तर पाय दुमडताना हाड हाडावर आदळतं, यालाच इंपिंजमेंट म्हणतात. मध्ये सापडतो तो लेब्रम आणि त्याच्याशेजारची कूर्चा. तोवर दुर्बिणीतून फाटका लेब्रम कातरून काढत आणि बाहेर पडत. २००३ नंतर हाडही तासायचं, लेब्रम शिवायचा, पिशवी शिवायची, दोरी सैल करायची, अशी यादी वाढत गेली.

माझं म्हणणं एकच आहे. या यादीतलं बहुतेक सगळं टेबलावर ठरवायचं नसतंच. ते ओपीडीत, एक्स-रे उजेडासमोर धरून, पेशंट शुद्धीत समोर बसलेला असताना ठरतं. टेबलावर उरतात दोन-तीन गोष्टी. ज्या डॉक्टरांकडे टेबलावर ठरवायच्या गोष्टी फार असतात, त्यांची आधीची तपासणी कमी पडलेली असते.

पहिला प्रश्न दुर्बिणीचाच. एमआरआयच्या कागदावर ‘लेब्रल टेअर’ दिसलं की घरचे घाबरतात, आम्हीही घाबरलो होतो. पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, खुबा अजिबात न दुखणाऱ्या ४५ जणांचे एमआरआय काढले तेव्हा ६९ टक्के खुब्यांत लेब्रम फाटलेला दिसला. म्हणजे फाटलेलं दिसणं आणि त्यामुळे दुखणं या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून २०१६ च्या वॉरविक करारात तज्ज्ञांनी ठरवलं, की तक्रार, तपासणीत सापडणारी खूण आणि चित्र ही तिन्ही जुळली तरच इंपिंजमेंटचा आजार म्हणायचं. शंका असेल तर सांध्यात भुलीचं इंजेक्शन देऊन पाहतात. तासाभरात कळ गेली तर दुखणं सांध्यातलंच. गेली नाही तर कणा, हर्निया किंवा जांघेचे स्नायू शोधावे लागतात, आणि दुर्बिणीतल्या कुठल्याही जादा कामाने ते दुखणं जाणार नाही.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी आधी वगळाव्या लागतात. एक, खुब्याचा क्षय, ज्यात दुर्बिणीचा उपयोग आतल्या अस्तराचा तुकडा तपासणीला काढण्यापुरता असू शकतो. दुसरी, गोळ्याचा रक्तपुरवठा तुटणं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी कोविडमध्ये स्टिरॉइड घेतलेल्या तीन रुग्णांच्या गोळ्याचा असा ऱ्हास २०२१ मध्ये नोंदवला, तेव्हापासून हा आजार खेड्यातही नावाने ओळखीचा झाला. गोळा दबायच्या आत कळलं तर औषधं किंवा हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करणं असे मार्ग आहेत. दबल्यावर लेब्रम शिवत बसण्यात अर्थ नाही. सांध्यातली फट दोन मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर तेच. अशा रुग्णांना दुर्बिणीनंतर काही वर्षांत वाटी बदलावी लागण्याची शक्यता बरीच वाढते, हे २००९ पासून पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

दुर्बीण करायची ठरली, की सर्वांत मोठं ‘जादा’ काम म्हणजे कॅम तासणं. मी त्याला जादा म्हणायलाच तयार नाही. लेब्रम फाटला तो ज्या हाडाने, ते हाड तसंच ठेवून लेब्रम शिवणं म्हणजे पायातला काटा न काढता मलम लावणं. दुसऱ्यांदा दुर्बीण करायची वेळ येते तेव्हा सर्वांत जास्त सापडणारं कारण म्हणजे पहिल्या वेळी राहून गेलेला कॅम. कॅनडा, फिनलंड आणि डेन्मार्कमध्ये झालेल्या फर्स्ट या चाचणीचा निकाल २०२१ मध्ये आला. त्यात २२० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली होती. काहींचं हाड तासलं, काहींचा सांधा फक्त धुतला, आणि दोन्हीकडे लागेल तिथे लेब्रम शिवला. वर्षभरानंतर दुखण्यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन करावं लागलेले मात्र हाड तासलेल्या गटात निम्म्याहून कमी होते. या निकालाची दोन्ही टोकं ध्यानात ठेवायला हवीत. तासल्याने कळ लगेच जास्त कमी होते असं नाही, पण पुढची खेप वाचते. पळसदेवहून पुण्याला शंभर-सव्वाशे किलोमीटर जाऊन, उसाची तोड टाकून, घरातली दोन माणसं दिमतीला घेऊन ऑपरेशन करणाऱ्या घराला ती वाचलेली खेप फार मोठी असते.

किती तासायचं यालाही मर्यादा आहे. गोळा-मानेच्या पुढच्या-बाहेरच्या भागातलं तीस टक्क्यांपर्यंत हाड काढलं तर मानेची ताकद टिकते, असं २००५ च्या प्रयोगांत दिसलं. त्यापुढे मान मोडायची भीती. कमी तासलं तर आदळणं राहतं, जास्त तासलं तर लेब्रमचं सील गोळ्यावर बसत नाही. म्हणूनच एक्स-रेवर कोन मोजून, सीटी स्कॅनवर उंचवट्याची जागा पाहून आधीच आखणी करतात, आणि टेबलावर सी-आर्म या एक्स-रे यंत्राखाली पाय फिरवून ताळा घेतात.

वाटीचा काठ तासणं हे त्याहून नाजूक काम आहे, आणि इथे सगळ्यात जास्त थांबायला हवं. वाटीने गोळ्याला किती झाकलंय याचा एक कोन एक्स-रेवर काढतात. २५ ते ४० अंश म्हणजे ठीक, ४० च्या वर झाकण जास्त, २० च्या खाली वाटी उथळ. एक मिलिमीटर काठ तासला तरी तो कोन सुमारे अडीच अंशाने उतरतो. म्हणजे २६ अंशांच्या खुब्यात काठ थोडासा ‘साफ’ करणं म्हणजे धड माणसाची वाटी उथळपणाकडे नेणं. वाटी मग गोळ्याला नीट धरू शकत नाही, दुखणं वाढतं, आणि क्वचित सांधा निखळतो. असे निखळलेले खुबे जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. त्यातल्या पुष्कळांत तीन गोष्टी एकत्र सापडतात: उथळ वाटी, तासलेला काठ, न शिवलेली पिशवी.

मुळातच वाटी २० अंशांच्या खाली असेल तर दुर्बीण हे मुख्य ऑपरेशन राहतच नाही. तिथे वाटीचं हाड कापून फिरवून गोळ्यावर आणावं लागतं. गान्झ यांनीच १९८४ मध्ये ती पद्धत सुरू केली. दुर्बीण लागलीच तर तिच्या जोडीला. २० ते २५ अंशांचा मधला पट्टा मात्र खरा अवघड. तिथे कोन एकटा काही सांगत नाही. सांधे किती लवचिक आहेत, अंगठा मनगटाला टेकतो का, मांडीच्या हाडाला पीळ किती आहे, हे सगळं पाहावं लागतं. पीळ फार असेल तर हाड कापून फिरवण्याचा विचार येतो, आणि तो दुर्बिणीच्या टेबलावर सुचण्यासारखा नाही. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी मला सांगितलं, की या पट्ट्यातल्या रुग्णाला ते तीनदा बोलावतात आणि तिसऱ्या खेपेला बहुतेकदा व्यायामावर पाठवतात. ते बरोबर करतात असं मला वाटतं. ब्रिटनच्या २३ रुग्णालयांत ३४८ जणांवर झालेल्या फॅशन चाचणीत (२०१८) खुब्याच्या स्थितीबद्दलच्या प्रश्नावलीत दुर्बिणीच्या गटाला शंभरपैकी सरासरी ५८.८ गुण मिळाले आणि नीट आखलेल्या व्यायामाच्या गटाला ४९.७. दुर्बीण सरस ठरली, पण व्यायामाच्या गटातले लोकही आधीपेक्षा सुधारले होते.

आता पिशवी. सांध्यात शिरायला तिला दोन ते चार सेंटिमीटरची चीर द्यावी लागते. एकेकाळी ती तशीच सोडत. आता बहुतेक जण शिवतात, आणि उथळ वाटी किंवा लवचिक सांधे असतील तर थोडी आवळूनही घेतात. ‘पिशवी शिवली’ हे काम कागदावर वेगळं मोजलं जातं, पण माझ्या मते ज्याने दार उघडलं त्याने ते लावायचं असतं. अपवाद एकच: सांधा मुळातच आखडलेला असेल तर. आपल्याकडे याला आणखी एक धार आहे. ताईने ऑपरेशनआधी विचारलं होतं, “नंतर याला मांडी घालून बसता येईल ना?” आमचं जेवण जमिनीवर, गाईची धार काढणं उकिडवं बसून, उसाच्या खोडव्यात वाकून दिवसचे दिवस. आखडलेला खुबा आम्हाला परवडत नाही आणि ढिलाही परवडत नाही. पिशवी किती आवळायची, हे ठरवताना रुग्ण खुर्चीवर बसणारा आहे की जमिनीवर, हे डॉक्टरांना माहीत असलंच पाहिजे.

लेब्रम शिवायचा की कातरायचा हा वाद आता फारसा उरलेला नाही. २०१३ मध्ये ३६ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत शिवलेल्या गटाचा निकाल सरस आला. चाचणी लहान होती, तरी पुढचे बहुतेक अभ्यास त्याच बाजूचे आहेत. इथे टेबलावरचा निर्णय खरा असतो, कारण लेब्रम शिवण्याजोगा उरलाय का हे हुकने उचलून पाहिल्याशिवाय कळत नाही. फार बारीक, चुना साचलेला किंवा आधी कातरलेला असेल तर दुसरीकडची पट्टी आणून नवा लेब्रम बसवतात. पहिल्याच ऑपरेशनला ते क्वचित लागतं. दुसऱ्या खेपेला जास्त.

कूर्चेचंही तसंच. उजनी धरणाचा साठा मायनसमध्ये गेला की धरणात बुडालेल्या जुन्या पळसदेवातलं पळसनाथाचं मंदिर पाण्याबाहेर येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते आलं तेव्हा मीही काठावर होतो. पाणी असताना नुसतं शिखर दिसतं. खाली कोणता खांब शाबूत आहे हे नावेतून सांगता येत नाही. पण बुडण्याआधी त्या गावात राहिलेली म्हातारी माणसं काठावरून बोट दाखवतात: वेस तिकडे, चावडी इकडे. एमआरआय पाहून गेलेल्या डॉक्टरांचंही असंच असतं. कुठे काय आहे ते ठाऊक असतं, कूर्चेचा किती पापुद्रा सुटला आहे ते तिथे गेल्यावरच कळतं. पूर्ण जाडीचा, पण लहान आणि सगळ्या बाजूंनी धड कूर्चेने वेढलेला खड्डा सापडला तर हाडाला बारीक भोकं पाडून तिथे नवी ऊती धरवतात. याचा फायदा किती टिकतो याबद्दल मतं विभागलेली आहेत. किंमत मात्र ठरलेली: एरवी दोन-तीन आठवडे असणाऱ्या कुबड्या सहा-आठ आठवड्यांवर जातात. ज्याला ऑपरेशनआधी हे सांगितलेलं नसतं, तो शुद्धीवर आल्यावर काय ऐकतो याचा विचार करावा.

सोआसची दोरी सैल करणं हे मला यादीतलं सर्वांत घाईचं काम वाटतं. पाय हलवताना जांघेत ‘खट्’ आवाज येऊन दुखत असेल आणि महिनोन्‌महिने व्यायाम करूनही जात नसेल, तर त्याला जागा आहे. पण दुर्बिणीत दोरी समोर दिसते, एक काप दिला की झालं, म्हणून ती कापू नये. कापल्यावर पाय उचलायची ताकद काही प्रमाणात घटते, स्नायू आक्रसतो. आणि वाटी उथळ असेल किंवा मांडीच्या हाडाचा पुढचा पीळ २५ अंशांहून जास्त असेल, तर ही दोरीच गोळ्याला पुढून धरून असते. ती गेली की आधार गेला. चढाई करणाऱ्या मुलाचा पाय उचलण्याचा जोर म्हणजे त्याचा खेळच.

याउलट कटीच्या हाडाचा पुढचा खालचा टोकदार भाग, जिथून मांडीचा मोठा स्नायू निघतो, तो खेळाडूंत अनेकदा बघायचा राहतो. शाळेत असताना जोरात लाथ मारताना किंवा धावताना तिथला तुकडा सुटतो, वाकडा जुळतो आणि पुढे खुबा दुमडताना आडवा येतो. थ्रीडी सीटीवर तो स्पष्ट दिसतो. कॅम उत्तम तासून हा राहिला तर कळ राहते. गोळ्याच्या आतल्या बंधाची साफसफाई, सुटे तुकडे काढणं, ही कामं लहान; दिसली की करावीत.

आणि या सगळ्यावर घड्याळ आहे. पाय ओढून धरलेला वेळ दोन तासांच्या आत ठेवावा असा दंडक आहे. नाहीतर जांघेतल्या आणि पायातल्या नसांना बधिरपणा येतो, बहुतेकदा तात्पुरता. प्रत्येक जादा काम त्या दोन तासांतून काही मिनिटं मागतं. शिवाय लेब्रम शिवायला लागणारे हाडातले टाचे (अँकर) नगावर मोजले जातात, आणि विम्याची मंजुरी आधी लिहून पाठवलेल्या कामांची असते. म्हणून यादी आधी होणं हे खिशासाठीही गरजेचं आहे.

कायदा याबाबतीत आपल्या बाजूचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सांगितलं, की तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचाराची संमती होत नाही, आणि एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही. अपवाद फक्त जीव वाचवायला किंवा गंभीर हानी टाळायला उशीर चालणार नसेल तेव्हाचा. पुढे सोयीचं होईल, पुन्हा भूल द्यावी लागणार नाही, हे कारण पुरत नाही. मात्र काय काय करावं लागू शकतं हे आधी सांगून त्याची संमती एकत्र घेता येते. खुब्याच्या दुर्बिणीत जिवावर बेतलेलं असं जवळजवळ काहीच नसतं. म्हणजे छापील ‘इतर सर्व’वर भिस्त ठेवता येत नाही. नावं लिहावीच लागतात.

यंदा गावातल्याच दुसऱ्या एका मुलाची वेळ आली. आम्हाला अनुभव आहे म्हणून त्याच्या आईने मला सोबत नेलं. डॉक्टर वेगळे होते. मी त्यांच्यापुढे वहीचं कोरं पान ठेवलं आणि म्हटलं, “लागलं तर काय काय, तेवढं मराठीत लिहून द्याल का?” ते क्षणभर थांबले, मग खुब्याचं चित्र काढलं आणि खाली पाच ओळी लिहिल्या. कॅम तासणार, नक्की. लेब्रम शिवणार, शिवण्याजोगा नसेल तर फक्त साफ करणार, नवा बसवायचा झाला तर दुसऱ्या वेळी, विचारून. खड्डा सापडला तर भोकं पाडणार, मग कुबड्या आठ आठवडे. पिशवी शिवणार. वाटीचा काठ आणि सोआसची दोरी यांना हात लावणार नाही. पोराच्या आईने ते पान दोनदा वाचून घेतलं, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “आठ आठवडे म्हणजे ऊस तुटून जाईल तोवर?” डॉक्टरांनी कारखान्याची तोड कधीची आहे ते विचारलं आणि ऑपरेशनची तारीख महिनाभर पुढे घेतली.